झुमक्याची खूण

बाबा, तुझ्या त्या गाणाऱ्या ताईवर पिक्चर आलाय. तुला जाऊन नऊ वर्षं झाली, ती गेली गेल्या वर्षी, आणि आता तिच्या त्या मैदानातल्या कार्यक्रमाचं जुनं शूटिंग जोडून, मधे मधे लोकांच्या मुलाखती घालून दोन तासांचा पिक्चर काढलाय. नेरूळला दुपारचा शो होता. हळदीच्या मांडवात गाणारी आपल्या खाडीकाठची पोरगी एवढ्या मोठ्या पडद्यावर दिसणार, आणि मी घरात बसणार? पहिल्याच दिवशी गेलो. बरोबर एक मुलगी होती. तू असतास तर आईच्या आधी तुलाच सांगितलं असतं. कॉलेजातली आहे. मी कॉलेज सोडलं, तिनं अजून मला सोडलेलं नाही, एवढंच समज. ताईची ती माझ्याहून मोठी फॅन. मुद्दाम ताईसारखेच मोठे झुमके घालून आली होती, आणि मी अर्धा वेळ पडद्याकडे नि अर्धा वेळ त्या झुमक्यांकडे बघत होतो.

मग सगळ्यांना पाठ असलेली ती जागा आली. ताई गातेय, आणि एकदम साउंड बंद. ती हात वर करते. सगळं मैदान तिचं गाणं उचलतं, पाच मिनिटं लोकच गातात. साउंड परत येतो आणि ती शेवटचं कडवं असं घेते की अंगावर काटा येतो. थिएटरातसुद्धा लोक उभे राहून गायला लागले. माझ्या शेजारी ती रडत होती. लगेच पडद्यावर त्या कार्यक्रमाचा आयोजक आला, सोफ्यावर बसलेला, दाढी रंगवलेली. म्हणाला, "साउंडवाला गावठी होता हो, त्याला मशीन झेपली नाही. ताईंनी कार्यक्रम वाचवला." आणि दोन सेकंद तुझी पाठ दिसली. निळा चौकड्यांचा शर्ट, मिक्सरवर वाकलेला तू. थिएटर हसलं.

मी उभा राहिलो. "चूक नव्हती ती!" मागून कोणीतरी ओरडलं, "ए भाई, खाली बस ना! तुझा बाप होता काय तिथं?"

"होता!" म्हणालो. "माझाच बाप होता!"

बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला. "अरे, चूक होते माणसाकडून. मान्य कर ना. किती वर्षं झाली त्याला." रागावली असती तर चाललं असतं, बाबा. तिनं तुला माफ केलं. मी हात सोडवला आणि तिला रिक्षा स्टँडवर तशीच उभी ठेवून चालायला लागलो. काय सांगणार होतो? तू मिक्सरवर माझा हात ठेवून कोणाला न सांगण्याची शपथ घातलीयस.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते. तू स्वयंपाकघरात जमिनीवर बसलायस, जुन्या टूथब्रशनं वायरींच्या पिना घासतोयस. आई चहाचा कप तुझ्यापुढे आपटते, कारण आयोजकानं सगळ्यांसमोर तुझी कॉलर धरल्याचं तिला कळलंय. मी विचारतो, मशीन बिघडली होती का? तू मान वर न करता म्हणतोस, "मशीनला काय झाला नाय. तिनं झुमका खेचला, मी मेन बंद केला. आमचा तसा ठरलेलाच हाय." गळा बसला की ती उजवा झुमका दोनदा ओढायची. नुसता माइक बंद केला तर लोकांना कळतं, म्हणून तू सगळंच बंद करायचास. लोक गात असेपर्यंत ती गरम पाणी प्यायची. हळदीच्या दिवसांपासूनची तुमची खूण. "माझा नाव खराब झाला तं बघून घेईन," तू म्हणालास. "तिचा गला गेला असा बोलले, तं तिला कोन बोलवंल?"

आणि तुला कोण बोलवणार, हे कोणी विचारलं नाही. पुढच्या लगनसराईत तुझा फोन वाजला नाही. स्पीकर पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिले आणि तू कळंबोलीला लोखंडबाजारात वजनकाट्यावर चिठ्ठ्या फाडायला जायला लागलास. गेलास तोही तिथूनच, काविळीनं. तिनं नंतर इतक्या मुलाखती दिल्या, कुठे तुझं नाव आहे? तिचं गाणं लागलं की मी अजून आवाज वाढवतो, आणि वाढवता वाढवता तिच्यावर चिडतो. गेल्या वर्षी कॉलेजच्या फेस्टिवलला एका सेक्रेटरीनं म्हाताऱ्या माणसाला "ए साउंडवाल्या" म्हणून बोटानं बोलावलं, मी त्याच्या कानाखाली दिली. प्राचार्य म्हणाले, माफी लिहून दे. नाही लिहिली. आई म्हणते, बापाचं एक लक्षण नाही तुझ्यात. नसू दे. गप्प बसण्याचं लक्षण मला नकोच आहे.

पिक्चरमध्ये तो झुमका दिसतो, बाबा. स्पष्ट. ती दोनदा ओढते आणि मग अंधारात गेल्यासारखा आवाज जातो. सगळं थिएटर बघत होतं, दिसलं मला एकट्याला. मी शपथ मोडणार आहे. रविवारी त्या मुलीला परत त्याच शोला नेणार, ती आली तर, आणि त्या जागी सांगणार, हात बघ, गळा नको बघू. ताई त्यानं लहान होत नाही. मला तर त्या झुमक्यासाठी ती जास्तच आवडते. ते गाणं तुम्ही दोघांनी मिळून वाचवलं. तुला राग आला तर येऊ दे.

एक गोष्ट मात्र तिलाही सांगणार नाही. साउंड गेला तेव्हा मी तुझ्याजवळ नव्हतो, पुढे स्टेजसमोरच्या बांबूला चिकटून पोरांत उभा होतो. ताईनं हात वर करायच्या आधी सगळे ओरडायला लागले, "साउंडवाल्याला हाणा." मीही ओरडलो. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मिक्सर सगळ्यांच्या मागे असतो, तिथून तुला नुसत्या पाठी दिसल्या असतील.