चिंचेनं घासलेली नाणी

अर्पिता बाई,

आठच्या बसनं बेल्याहून आदिलाबादले जाऊन राह्यलो, बँकेत. चहा माझा मीच करून पेलो. तुझी सासू कालपासून माझ्याशी बोलत नाई, तिले एवढं सांगजो, का मी बी.पी.ची गोळी घेतली म्हणा.

काल मी तुझ्यावर उगाच ओरडलो. वांकिडीचे सर माझी जमवलेली नाणी पाहायले येणार म्हणून तू पाचची पिवळी नाणी चिंचेनं घासून पितळी तांब्यासारखी लखलखीत केली. घासलेल्या नाण्याले जमवणारे हात लावत नाईत, त्याचा जुना रंगच त्याची किंमत असते. पण हे मी तुले कधी सांगतलंच नाई. वर्षभर तू माझ्यासमोर बसून बँकेतून आणलेल्या नाण्यांच्या थैल्या निवडत आली. नाण्यावर सालाखालची हैदराबादच्या टांकसाळीची बारीक चांदणी माझ्या भिंगाआधी तुह्या डोळ्याले दिसे. अन् मी म्हटलं, "काऊन हात लावला?"

आज पाचच्या नाण्यांची नवी थैली आणतो. संध्याकाळी दोघं निवडू. गाठ तू सोडजो.

घासलेली नाणी शोधू नको. ती मी नाण्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लावली. सर आले का पहिले तेच पान उघडीन. खाली माझ्या शाळेच्या अक्षरात लिहून ठेवलं हाय: "सून अर्पिता हिने घासलेली. कोणी कितीही दिले तरी द्यायची नाहीत."

जेवून घेजो.

— बाबा