धुराड्यातलं पोतं

ओटाऊटाऊ,
पहिलं हिंव पडलं त्या दिवशी

ती. मोरागताईस,

धाकट्या ड्युगलचा वाकून नमस्कार. (वाकूनच, कारण मान वर करायची सोय उरलेली नाही.) खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर तू आता काठीशिवाय चालतेस असं तुझी लेक रोना म्हणाली. ऐकून फार बरं वाटलं. जावई आणि नातवंडं मजेत असतीलच. मी ठीक आहे, म्हणजे कालपर्यंत होतो.

थंडीत तुझं घर उबदार राहतं अशी रोनाची खात्री पटली तरच ती तुला क्राइस्टचर्चहून परत धाडणार, नाहीतर कायमची आपल्याकडे ठेवून घर विकणार, हे तू फोनवर रडत सांगितलंस. तेव्हा मी छाती ठोकून म्हटलं होतं, घराची काळजी सोड, मी बसलोय ना पलीकडच्या माझ्या घरात. तर त्या बसलेल्या भावाने कंबर कसली. स्वयंपाकघरातली लोखंडी चूल घासून काळी कुळकुळीत केली. लाकूडफाटा पडवीत रचला (गेल्या वर्षीचा, खडखडीत वाळलेला, शेजारचा हेक्टर आपला ओला माल गळ्यात मारायला बघत होता, पण मी काही दूधखुळा नाही). खिडक्यांच्या फटी बुजवल्या. छपरावर चढून बैठकीच्या धुराड्यात ब्रश सोडला. खाली काहीतरी मऊ लागलं. मी म्हटलं, पोचला वाटतं तळाला. या वयात छपरावर उभा असलेला माणूस फार चौकशा करत नाही.

काल रोना आली. मी चहा केला, चीज लावलेल्या पावाच्या गुंडाळ्या भाजल्या, तिला तुझ्या खुर्चीत बसवलं आणि ऐटीत शेकोटी पेटवली. सुरुवातीला थोडा धूर येतोच, असं तिला समजावत होतो तोवर वास आला. ताई, तू मेंढ्यांत जन्म काढलास, तुला काय सांगायचं. साळुंक्यांनी घरटी करू नयेत म्हणून आपण उन्हाळाभर धुराड्यात लोकरीचं पोतं कोंबतो, आणि त्यासाठी चांगली लोकर कोण वाया घालवतो? शेपटाखालची, लेंड्या लटकलेली, जी फुकटसुद्धा कोणी नेत नाही ती. ही लोकर धड पेटत नाही आणि धड विझत नाही. तुझे पडदे, तुझी गोधडी, रोनाचा नवा कोट, सगळ्याला कोंडवाड्याचा वास. "मामा, मेंढी जाळतोयस का घरात?" असं म्हणत ती अंगणात पळाली, मागून मी, हातात गुंडाळ्यांची ताटली. हेक्टर कुंपणावर रेलून उभाच होता. "आज मटणाचा बेत वाटतं," म्हणाला. मेल्याला दुसरा उद्योग नाही.

पडदे धुतले आहेत. आता पुन्हा धुतोय. धुराडं मोकळं केलं आणि आज शेकोटी अशी धडधडली की मी स्वेटर काढून बसलो. घर उबदार आहे ताई, शपथ. पण ते बघायला रोना नव्हती. ती नाकाला रुमाल लावून कालच निघून गेली.

तुझा,
ड्युगल

ता. क. एक सांगायचं राहिलं. पोतं कुणी कोंबलं, असं रोनाने अंगणात विचारलं. मी म्हणालो, "तुझ्या आईने. मला सांगायला विसरली. हल्ली विसरते गं ती." तोंडातून निघून गेलं. पोतं मी कोंबलं होतं, शिडी तू धरली होतीस, आणि जाताना गाडीची काच खाली करून ओरडलीसही, "ड्युगल, पोतं काढ रे!" रोनाने नुसती मान हलवली. म्हणजे आता ती तुला घरापायी नाही, विसराळूपणापायी अडकवून ठेवणार, आणि तो विसराळूपणा माझा आहे. मला माझीच लाज वाटते. तिने विचारलं तर खरं सांग, माझी भीड ठेवू नकोस.

ता. क. आणखी एक. चिकटवलेलं पाकीट पुन्हा फोडलं. तू सांगायचंस आणि मी लपायचं, हे काही बरं नव्हे. रोनाला फोन करून सगळं कबूल केलं. ती म्हणाली, आईला शनिवारी घेऊन येते. आणि मग म्हणाली, मामा, स्वतः कोंबलेलं पोतं ज्याला आठवत नाही त्याने एकट्याने राहू नये, तुझंच घर विकायला काढू. तर ताई, तुझी मागची खोली रिकामी आहे का? तिथे शेकोटी नाही, तेव्हा रोनाची हरकत नसावी.