सातव्या महिन्यातला श्वास

प्रति,
मा. संचालक,
शासकीय वाद्यवृंद व संलग्न संगीत विद्यालय,
दुसरा मजला (लिफ्ट बंद असल्यास मागचा जिना).

विषय : प्राथमिक क्लॅरिनेट अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी वयाची अट विशेष बाब म्हणून शिथिल करणेबाबत.

संदर्भ : १) पहिल्या श्रवण चाचणीचा शेरा. २) दुसऱ्या श्रवण चाचणीचा शेरा. ३) आपल्या कार्यालयातील लिपिकांनी खिडकीतून केलेले तोंडी मार्गदर्शन.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार ही आपल्या वाद्यवृंदात द्वितीय क्लॅरिनेटवादक असून दुपारच्या वेळात विद्यालयात हेच वाद्य शिकवते. तिची खुर्ची आणि शिकवण्याचा परवाना, दोन्ही आता नव्याने लागू झालेल्या श्रवण चाचणीवर अवलंबून आहेत. सदर चाचणीत उमेदवार पडद्यामागे बसून वाजवतो व परीक्षक पडद्यापुढे ऐकतात. चालीवरून बाई की बुवा हे कळू नये म्हणून चपला बाहेर काढायला लावतात. खोकल्यास गुण जातात. ही पद्धत अत्यंत न्याय्य असून तिच्याबद्दल अर्जदाराची काहीही तक्रार नाही. थंडीत फरशी फार गार लागते, एवढेच.

२. पहिल्या चाचणीत अर्जदाराने नेमून दिलेला संथ तुकडा वाजवला. त्यात एक लांबलचक ओळ पायरी पायरीने वर चढत जाते व सर्वांत उंच सुरावर टेकते. त्या सुराच्या अगदी तोंडाशी अर्जदाराने नेहमीप्रमाणे श्वास घेतला. शेरा असा आला : "स्वतःची शैली नाही. आपल्या प्रथम वादकांच्या सुप्रसिद्ध श्वासाची उघड नक्कल. नापास."

३. सदर श्वासाबाबत खुलासा असा की, विद्यमान प्रथम क्लॅरिनेटवादक हे बालपणी अर्जदाराचेच विद्यार्थी होते. अंगाने इतके बारीक, की सगळे त्यांना काडी म्हणत. अर्जदार त्यांना हा तुकडा शिकवत होती, तेव्हा तिला सातवा महिना होता. बाळ बरगड्यांखाली पाय रोवून बसलेले. पूर्वी ती ओळ अर्जदार एका दमात पार करत असे, पण त्या दिवसांत उंच सुराच्या उंबरठ्यावर आतून लाथ बसे आणि दम तुटे. मग नाइलाजाने तिथेच श्वास घ्यावा लागे. "काड्या, हे तू उचलू नकोस हं, हा माझा नाइलाज आहे," असे अर्जदाराने बजावले होते. "हो बाई," असे त्यांनी म्हटले होते आणि उचलले होते. त्यांच्या पोटात तर कुणीच नव्हते.

पुढे ते मोठे झाले, प्रथम वादक झाले, आणि उंच सुरापूर्वीच्या त्या थांब्याने सभागृहे गप्प होऊ लागली. वर्तमानपत्रात आले, की या एका श्वासात माणसाचे सारे एकाकीपण सामावले आहे. (एकाकी कसले? तेव्हा तिथे दोन जीव होते.) आता विद्यालयाच्या पाठ्यपुस्तकात तो त्यांच्या नावाने छापला आहे. अर्जदाराने कधी हक्क सांगितला नाही. श्वासावर हक्क सांगत फिरणे बरे दिसत नाही. बाळंतपणानंतर तिला तो सोडता आला असता, पण ओठांना आणि बरगड्यांना वळण लागून गेले होते. शिवाय तिला शिकवणारे कुणी नव्हतेच. वाद्यवृंदाच्या तालमी खिडकीखाली उभी राहून ऐकत ती शिकली, त्यामुळे "हे सोड" असे सांगणारेही कुणी नव्हते.

४. दुसऱ्या चाचणीपूर्वी अर्जदाराने तो श्वास मोडायचा निश्चय केला. या वयात दम वाढवणे म्हणजे काय असते, ते कार्यालयास कळणार नाही व कळू नये. डोळ्यांपुढे काजवे चमकत, कानशिले ठणकत. शेजारचे शिंपी भिंतीवर थाप मारून विचारत, "ताई, आज गेला का शेवटपर्यंत?" एके सकाळी गेला. शिंप्यांनी पलीकडून टाळ्या वाजवल्या. अर्जदाराच्या आयुष्यात केवळ तिच्या एकटीसाठी वाजलेल्या टाळ्या बहुधा त्याच.

५. दुसऱ्या चाचणीत अर्जदाराने ती संपूर्ण ओळ एका दमात, डाग न पडता वाजवली. शेरा : "मान्यताप्राप्त श्वास गाळला. परंपरेचे ज्ञान नाही. नापास."

६. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष स्वतः प्रथम वादकच होते. चाचणीनंतर ते जिन्यात भेटले. अर्जदाराच्या हातातली वाद्याची पेटी त्यांनी आग्रहाने घेतली व फाटकापर्यंत आणून दिली. त्यांची वागणूक नेहमीच आदराची राहिलेली आहे, हे येथे नमूद करणे अर्जदार आपले कर्तव्य समजते. ते म्हणाले, "बाई, दोन्ही वेळा पहिल्याच सुराला ओळखलं मी तुम्हाला. तुमचा सूर मी विसरेन का? म्हणूनच जरा कडक राहावं लागलं. उद्या कुणी म्हणायला नको, की बाईंसाठी पडदा बाजूला सारला." मग म्हणाले, "एका दमात मात्र काय वाजवलंत! अंगावर काटा आला." अर्जदाराने त्यांचे आभार मानले.

७. याबाबत खिडकीवर चौकशी केली असता लिपिकांनी सांगितले, की दोनदा नापास झालेल्यास तिसरी संधी हवी असल्यास प्राथमिक अभ्यासक्रम प्रथम वादकांच्या वर्गात पूर्ण करावा लागतो. मात्र सदर अभ्यासक्रमास वयाची कमाल मर्यादा पंचवीस आहे. अर्जदाराने ती बरीच पूर्वी, इतर गडबडीत, ओलांडली. "अर्ज टाका ना मावशी, विशेष बाब म्हणून. पण कारण ठोस हवं," असे ते म्हणाले. म्हणून परिच्छेद ३ लिहावा लागला. एरवी लिहिला नसता.

८. प्रवेशाच्या नमुन्यात "पूर्वीचे गुरू" असा रकाना आहे. अर्जदाराने तिथे आडवी रेघ मारली होती. लिपिक म्हणाले, "रिकामं चालत नाही, कुणाचं तरी लिहा." अर्जदाराने विचारांती तिथे विद्यमान प्रथम वादकांचे नाव लिहिले आहे. असे लिहिल्याने पहिल्या चाचणीतली नक्कल ही आपोआप शिक्षण ठरते आणि कार्यालयाचा पहिला शेराही खोटा पडत नाही.

९. त्याच नमुन्यात पालकाची सही लागते. अर्जदारास आता एकच नातलग आहे, तिची कन्या. म्हणजे परिच्छेद ३ मधले बाळ. ती प्रथम वादकांच्या वर्गात सहायक शिक्षिका आहे व वाद्यवृंदात तिची निवड होणार की नाही, हे येत्या महिन्यात त्यांच्याच हातात आहे. अर्जाचा मसुदा वाचून ती म्हणाली, "अगं आई, ते लाथांचं कशाला लिहिलंस? सरांना काय वाटेल? माझा तरी विचार कर." अर्जदाराने विचार केला आहे. सबब, परिच्छेद ३ रद्द समजावा. त्यावर अर्जदाराने काट मारून सही केली आहे. तरीही खालचे वाचता येत असल्यास कृपया वाचू नये.

१०. पूर्वतयारी म्हणून कन्येने काल घरी पहिला धडा घेतला. अर्जदाराला खुर्चीत ताठ बसवले, बरगडीखाली तळहात टेकवला आणि ओळ वर चढत असताना बरोबर उंच सुराच्या तोंडाशी दाबून म्हणाली, "इथे. आत्ता घे." अर्जदाराने घेतला. हात त्याच जागी होता, जिथून पूर्वी पाय लागायचा. कन्या म्हणाली, "जरा उशिरा घेतलास. सर अगदी बरोबर घेतात. पण येईल गं हळूहळू."

तरी वयाची अट शिथिल करून अर्जदारास प्राथमिक वर्गात, शेवटच्या रांगेत का होईना, बसू द्यावे, ही विनंती. तिथे श्वास कुठे घ्यायचा, ते ती परत शिकेल.

कळावे,

वर्गात बसायला तयार असलेली, आपली नम्र,
(सही)
द्वितीय क्लॅरिनेटवादक (सध्या स्थगित)
दिनांक : १४ मार्च

सोबत जोडली आहेत :
१. दोन्ही चाचण्यांच्या शेऱ्यांच्या प्रती.
२. "पूर्वीचे गुरू" रकाना भरलेला प्रवेशाचा नमुना.
३. पालकाचे संमतिपत्र (नाते उलटे असल्याने "माझा पाल्य" खोडून "माझी आई" केले आहे, खाडाखोडीवर पालकाची सही आहे).