तळ पुसट झाला होता

बर्गन, ३ मार्च

प्रिय दादा,

तीन वर्षांनी लिहितेय, तेही कागदावर. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर मी रडेन, म्हणून. वहिनीने पाठवलेला सुका कॉड मासा पोचला. तुला न सांगता पाठवला होता, तिला ओरडू नकोस.

आठवतं, चर्चमध्ये गाताना तू मुद्दाम ओड्वारमामाच्या मागे उभा राहायचास? मामाच्या त्या आडव्या देहात तुझा बेसूर आवाज अडकायचा, आणि आईला वाटायचं, पोरगा आज गप्प आहे. हल्ली तू मला सारखा तिथे उभा दिसतोस.

का, ते सांगते. आम्ही समुद्रातल्या पिंजऱ्यात हेरिंग मासे मोजून सोडले. पाण्यात आवाज पाठवायचा आणि माशांवर आपटून किती परत येतो ते मोजायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. मासे दहापट केले, तर परतणारा आवाजही दहापट यायला हवा ना? नाही आला. वरचे मासे थोडा आवाज खातात, बाकीचा इकडेतिकडे उधळतात. ह्याच्यावरून त्याच्यावर, त्याच्यावरून तिसऱ्यावर. मागच्यांपर्यंत पोचतो तो उरलासुरला. दाट थव्यात कितीतरी मासे मामाच्या मागे उभे असतात रे.

हे तू मला सांगितलं होतंस. मी आपल्या खाडीत मोजणीला आले होते, तेव्हा यंत्राच्या पडद्यावर टिचकी मारून म्हणालास, "शहाणे, वरचा काळा डाग काय मोजतेस? त्याच्याखालचा खाडीचा तळ पुसट झालाय तो बघ. एवढा आवाज खाल्ला कुणी?" मी सगळ्यांसमोर हसले. म्हणाले, मच्छीमारांना जिकडेतिकडे मासेच दिसतात. मग प्रत्येक मासा एकटाच पोहतोय असं धरून बेरीज केली. ती कमी भरली आणि माझ्या सहीने खाडीतली मासेमारी बंद झाली. तू दुसऱ्यांच्या पिंजऱ्यातल्या सॅमन माशांना खाद्य घालायला गेलास.

परवा त्या दिवसाच्या नोंदी काढून पाहिल्या. तळ खरंच पुसट आहे. चुकले मी, दादा. साफ चुकले.

वहिनी म्हणाली, शनिवारी तू आईच्या नावाची 'गुनवोर' बोट विकतोयस. म्हणून हे पत्र. सही करू नकोस. गुरुवारी मासेमारी समितीसमोर मी माझी मोजणी मागे घेणार आहे. खाडी लगेच उघडेल असं वचन देत नाही, पुन्हा मोजावी लागेल. पण ती 'गुनवोर'वरूनच मोजायची. पडद्यासमोर तू बस. मी तुझ्या मागे उभी राहीन.

तुझीच धाकटी,
इंगुन्न