फुली वरच राहू दे

९ जून, रविवार

घातली! बिजलीने अंडी घातली! डब्यातल्या शेवाळात पांढरा ढीग, आणि त्याला वेढा घालून ती दमून पडलेली. बहुतेक अंडी एकमेकांना चिकटून एकच गठ्ठा झालाय. तीन तेवढी सुटी.

बिजली कॉर्न स्नेक, बिनविषारी. ज्याच्या दुबईतल्या अल क्वोजच्या गोडाऊनमधून तिला आणलं त्या झैदला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन. मबरूक, अभिनंदन वगैरे झाल्यावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली – अंडं जसं पडलं तसंच ठेवायचं, फिरवलं की आतलं पिल्लू गुदमरतं. वर पेन्सिलीने फुली मार आणि फुली वरच राहू दे.

चाळिशीत बायका योगा सुरू करतात. मी सापाचं बाळंतपण काढतेय.

१० जून

अबुधाबीच्या जूनमध्ये हीटर मागायला गेले! दुकानदार म्हणाला, बाहर की गर्मी कम पड गयी क्या, मॅडम? घरात सारखा एसी, आणि अंड्यांना हवी ऊब.

सत्यजितने थर्मोकोलच्या खोक्यात सगळं बसवून दिलं. नवरा सापाला हात लावणार नाही, पण वायरिंग मन लावून करणार. देवाने जोडी बघूनच लावलीय. खोकं स्टोअररूममध्ये ठेवलं.

१५ जून

आई आल्या. माझ्या सासूबाई, चिपळूणजवळच्या गावाहून. ऑगस्टच्या मध्यापर्यंत राहतील. सत्यजितने विमानतळावरून येतानाच गाडीत अंड्यांचं सांगून टाकलं.

मला धाकधूक होती. आईंचा धाकटा भाऊ, रामेश्वरमामा, साप चावून गेला. तेव्हापासून नागपंचमीला त्या पूजा करत नाहीत. विळीला मात्र त्या दिवशी हात लावत नाहीत, भीतीने. गावात साप निघाला की काठी घेऊन त्याच सगळ्यांत पुढे.

जेवताना एवढंच म्हणाल्या, त्या खोलीचं दार लावून घेत जा. मला रडूच आलं. दुसरी कुठली सासू एवढ्यावर थांबली असती?

२ जुलै

फुल्या खाली गेल्या! तिन्ही सुट्या अंड्यांच्या!

पर्णिकाला विचारलं – "मम्मा, आय डिडन्ट इव्हन ओपन इट." लेक खोटं बोलत नाही. सत्यजितने शपथ घेतली. मग राहिलं कोण? मनात आलं ते इथे लिहायलाही लाज वाटते. लिहितेच – आई भावाचा सूड उगवतायत असं वाटलं.

झैद म्हणाला, आता आहेत तशीच राहू दे. इन्शाल्ला जगतील.

३ जुलै

ऑफिसमधून लवकर आले. स्टोअरचं दार उघडं. आई स्टुलावर बसलेल्या, पदराला हात पुसून अंडं उचलत होत्या. माझा आवाज चढला. त्या दचकल्या, पण अंडं हळूच खाली ठेवलं.

"अगो, खुडूक कोंबडी सारखी अंडी फिरवते, नाहीतर पिल्लू एका अंगाला चिकटतं. तू ऑफिसात, आणि त्यांची आई त्या दुसऱ्या पेटीत निजलेली. कोणीतरी करायला नको?"

साप म्हटलं की काठी आणणारी बाई, दुपारी घर रिकामं असताना एकटी आत येत होती. पिल्लांना जगवायला! आणि मी काय काय मनात आणलं.

सापाच्या अंड्यांचं उलटं असतं, हे सांगितलं. आईंनी चहा घेतला नाही.

४ जुलै

आई दिवसभर त्यांच्या खोलीत. स्टोअरकडे फिरकल्यासुद्धा नाहीत.

२० जुलै

सुट्यांपैकी दोन अंडी काळी पडून बसली. काढून टाकली. आईंनी विचारलं, माझ्यामुळेच ना? तिसरं अजून टम्म आहे, म्हटलं.

आता त्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. आत पाऊल नाही. पर्णिका आत जाऊन टॉर्च लावते आणि ओरडते, "आजी, इट्स फाइन!" तेवढं इंग्रजी आईंना आता चांगलं कळतं. पोरीचे केवढे उपकार!

७ ऑगस्ट

गठ्ठ्यातल्या अंड्यांना चिरा पडल्या! एक नाक दिसलं. मी, सत्यजित, पर्णिका – तिघं खोक्यावर वाकलेले. ऑफिसला दांडी, विषय खलास!

९ ऑगस्ट, शुक्रवार. नागपंचमी

गठ्ठ्यातली सगळी पिल्लं बाहेर. सुटं अंडं तसंच, चीर नाही, उलट आत दबलेलं. झैद म्हणाला, आतल्याला जोर नसेल, आजच कात्रीने वर छोटी खिडकी काप.

आज? सकाळपासून घरात सुरी नाही, तवा नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडून केले. आणि मी आजच सापाच्या अंड्याला कात्री लावू? कात्री काढली, परत ठेवली. उद्या कापू म्हटलं. उद्यापर्यंत राहील का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात आई उंबरा ओलांडून आत आल्या. इतक्या दिवसांनी.

"आज कापत नाहीत ते कशासाठी? नागाला दुखू नये म्हणूनच ना? मग हा आत कोंडलाय त्याचं काय? काप तू. पाप लागलं तर मला लागू दे, फिरवलं मी होतं."

त्यांनी टॉर्च धरला. मी कापलं. आत काहीच हललं नाही. आईंचा श्वास मला ऐकू येत होता. मग बारीकशी जीभ बाहेर आली आणि आत गेली.

आई रडल्या. मीही रडले. नंतर दोघींनी तिथेच जमिनीवर बसून दिंड खाल्ले, साजूक तुपासकट.

१४ ऑगस्ट

आई गेल्या. निघताना त्या शेवटच्या पिल्लाला एक बोट लावलं, अगदी टोकाने. खुर्ची अजून दाराबाहेरच आहे. कोणी उचलत नाही.

२ सप्टेंबर

गावाहून शेजारच्या वहिनींचा फोन, तक्रारीचा. आईंच्या खुराड्यात धामण शिरली, अंडी गिळली. माणसं काठ्या घेऊन आली, तर आई दारात आडव्या उभ्या. सर्पमित्र येऊन तिला घेऊन जाईपर्यंत हलल्या नाहीत. सगळ्यांना एकच सांगत होत्या, "मारायचं नाही. माझी नातवंडं आहेत यांच्यातली."