शून्य मी मागे घेते

मी, कुंदाबाई भटू बोरसे, वय ७८, सेवानिवृत्त मराठी शिक्षिका, राहणार शिंदखेडा, जि. धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉ. रूपा देवरे यांनी खात्रीसाठी आजचा वार दोनदा विचारला. मी वार सांगितला आणि पुनरुक्तीचा दोषही दाखवून दिला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारा धुळ्यात राहतो, त्याचा समाचार कलम तीनमध्ये घेतला आहे.

१. राहते घर माझा भाचा स्वप्नील याला द्यावे. गच्ची गळते, हे आत्ताच सांगून ठेवते. बँकेतली ठेव कलम चारच्या कामी लावावी.

२. निरोपसमारंभाची शाल तेव्हाच्या मुख्याध्यापकांना परत करावी. त्या दिवशीचे त्यांचे भाषण मी पुढे माझ्या वहीत (पाहा कलम तीन) व्याजस्तुतीचा नमुना म्हणून नोंदले आहे: तोंडाने स्तुती, पोटात निंदा.

३. माझी खरी इस्टेट म्हणजे साहित्यातल्या संज्ञांची सहाशे पानी वही. उपमा, रूपक, उपरोध, चेतनगुणोक्ती, जी म्हणाल ती. प्रत्येक संज्ञेपुढे खऱ्या माणसाच्या तोंडचे उदाहरण, आणि शेजारी कोण बोलले, कोणत्या गावी, काय काम करताना. स्वप्नील धुळ्यात गाईडे छापतो. त्याने वही टाइप करायला नेली आणि टाइप होऊन आली ती धुऊनपुसून. बोलणाऱ्या बायकांची नावे गेली, अहिराणी गेली, जागोजागी चंद्रासारखी मुखे बसली. म्हणतो, "मावशी, परीक्षेत हेच लिहावं लागतं. तुझी गावठी उदाहरणं कोण वाचणार?" अरे बाबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांत चंद्रासारखं तोंड मी एकाचंही पाहिलं नाही! सदर टाइप प्रत कोणीही छापू नये. स्वप्नीलने छापल्यास कलम एकमधले घर गावच्या वाचनालयाला जाईल.

पण त्याच्या एकट्यावर डाफरले तर मी खोटी ठरेन. हे मी त्याच्या आधी केले आहे.

४. आठवीच्या सहामाहीत मी अतिशयोक्तीचे उदाहरण विचारले होते. निंबा सुपडू माळी याने आईचे वाक्य लिहिले: "आमनं घर इतलं धाकलं शे, सपन देखाले बी बाहेर जानं पडस." घर एवढे लहान, की स्वप्न पाहायलाही बाहेर जावे लागते. मी लाल शाईने 'ग्राम्य' लिहिले, शून्य दिले आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. पोरे हसली. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून निंबा शाळेत आला नाही, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. मला माझ्या त्या हसण्याची लाज वाटते.

निवृत्तीनंतर माफी मागायला त्याच्या घरी गेले. त्याची आई धुरपदाबाई म्हणाल्या, "बठा बाई, च्या ल्या," आणि ज्वारी निवडता निवडता बोलत राहिल्या. वहीचे पहिले पान त्या दुपारचे आहे.

सबब, वहीचे सर्व हक्क निंबाला. तो आज टेम्पो चालवतो. वकील म्हणाले, "मॅडम, आठवी सोडलेल्या माणसाला साहित्याचे हक्क?" होय, त्यालाच. शाळा सुटली ती माझ्यामुळे. माझ्या ठेवीतून त्याने वही, जमल्यास माझ्या डोळ्यांदेखतच, छापावी आणि धुळे-जळगावच्या शाळांना फुकट वाटावी. एकही उदाहरण, एकही नाव गाळू नये. प्राध्यापक नाक मुरडतील. मुरडू देत!

५. ती उत्तरपत्रिका मी जपून ठेवली आहे. शून्य खोडून आज दोनपैकी दोन गुण दिले आणि सही केली. 'ग्राम्य' हा शेरा मुद्दाम तसाच ठेवला आहे, माझी चूक वाचणाऱ्याला दिसू दे. उत्तरपत्रिकाही निंबाला.

वकिलांनी विचारले, धुरपदाबाईंसारखी अंगठेबहाद्दर साक्षीदार कशाला? कारण या कागदातले सगळ्यात चांगले वाक्य त्यांचे आहे, माझे नाही. सगळे वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, बठ्ठं वाटी टाकं. आते मराले मोकळ्या का?"

नाही, धुरपदाबाई. सगळे वाटून टाकले तरी मरायला मोकळी नाही. अजून वहीची प्रुफं तपासायची आहेत.

लिहिणार: कुंदाबाई भटू बोरसे (सही)

साक्षीदार:
१. धुरपदाबाई सुपडू माळी (डाव्या हाताचा अंगठा)
२. डॉ. रूपा देवरे (सही)

शिंदखेडा, दि. १४ जून २०२५