मोडलं की तुझं

प्रिय दादा,

"मोडलं की तुझं." हे वाक्य तुझं आहे. तू विसरला असशील. तू नऊ वर्षांचा होतास, मी पाच. चावीच्या मोटारीची स्प्रिंग तुटली तेव्हा ती माझ्या पुढ्यात टाकून तू अगदी उदारपणे हे म्हणालास, आणि मग तो घरातला कायदाच झाला. टॉर्च, कंपास, तुझी तीनचाकी. चालतंय तोवर तुझं, मोडलं की माझं. खरं सांगते, तेव्हा मला त्याचं वाईट वाटायचं नाही. मोडलेली वस्तू खोलून बघता येते. चालत्या वस्तूला कोण हात लावू देतं? बाबा रंधा मारता मारता आपली ही वाटणी बघायचे आणि हसायचे. माझं वायसर हे नाव त्यांनीच ठेवलं. त्याला खरं वॉशर म्हणतात हे मला शाळेत गेल्यावर कळलं. नट आणि लाकूड यांच्या मधली ती पातळ चकती. एकमेकांना खाऊ नयेत म्हणून घालायची आणि घातल्यावर विसरून जायची. तुझं नि बाबांचं वाजलं की आई मला मध्ये पाठवायची, म्हणून वायसर. आई गेली, तू गेलास, पण नाव काही सुटलं नाही.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पुढच्या दोन खोल्यांतलं दुकान चालू आहे. दारं, खिडक्यांच्या चौकटी, शाळेची बाकं, येईल ते करते. मागच्या भिंतीला ओल आली होती, ती मीच खरवडून काढली. बाबांना एक्याऐंशी पूर्ण झाली. डोळ्यांनी आता उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच कळतं. सकाळी दाढी करून घेतात, मग दुकानाच्या उंबऱ्याशी त्यांची खुर्ची ठेवते, तिथे दुपारपर्यंत बसतात. वहिनीने पाठवलेली शाल त्यांना टोचते. तिला सांगू नकोस.

तुला रंध्याचं मशीन आठवत असेलच. म्हणजे तुझं तर रोज समोर दिसत असेल. तुझी शेवटची परीक्षा झाली त्या आठवड्यात बाबा दोन मशीनं घेऊन आले होते, एकाच दिवशी, एकाच दुकानातून, हिरव्या रंगाची. पट्टीवरचे नंबरही लागोपाठचे. माझ्यावर एक्केचाळीस, तुझ्यावर बेचाळीस. एक मी चालवीन, एक थोरला चालवेल, असं ते सगळ्या गल्लीला सांगत सुटले होते. पंधरा दिवसांनी सकाळी उठलो तर तुझा पलंग रिकामा. उशीखाली चिठ्ठी असेल म्हणून बाबांनी गादीसुद्धा उलटी केली. चिठ्ठी नव्हती. नोकरी लागल्याचं पत्र महिन्याने आलं. तोवर रोज संध्याकाळी बाबा दुकान बंद करताना एवढंच म्हणायचे, "सांगून गेला असता तर मी काय धरून ठेवणार होतो?" तुझं मशीन खोक्यातून बाहेरच निघालं नाही. पहिलं मात्र रोज चाललं, अठ्ठावीस वर्षं.

या मशीनचे भाग मिळवणं हे माझं गेल्या काही वर्षांतलं दुसरं आयुष्यच आहे. कंपनी केव्हाच बंद पडली. मोटरला वीज पोचवणारे ते दोन काळे कार्बन असतात ना, ते दुसऱ्या मशीनचे आणून कानशीवर घासून बसवते. घासताना हात कोळसेवाल्यासारखे होतात. पट्टा एका फोटोकॉपीच्या मशीनमधून निघाला, दात न् दात जुळले. त्या दिवशी मी एकटीच हसत घरी आले. बटण एका भंगारवाल्याने पोत्यातून उकरून दिलं, तो मला लांबून बघूनच ओरडतो, "हिरवं नाही आलं हो ताई, पुढच्या आठवड्यात डोकवा." जुन्या हत्यारांच्या बाजारात मला सगळे हिरव्या मशीनवाली बाई म्हणून ओळखतात. एकाने तर विचारलं, "ताई, हे माहेराहून आलंय का, इतका जीव लावताय?" मी म्हटलं, माहेर यातच राहतं. तो हसला. मीही हसले.

तू म्हणशील, ही एवढी पेटलीये कशाला, नवं घ्यायचं. सगळेच म्हणतात. तू तर सहा वर्षांपूर्वीच म्हणाला होतास. बाबांची नजर गेली आणि तू दोन दिवसांसाठी आला होतास, तेव्हा माळ्यावरून ते खोकं काढलंस. "आता इथे वापरणारं कुणी नाही. बाबांची आठवण म्हणून मी नेतो." मी तिथेच उभी होते, दादा. माझ्या केसांत भुसा होता. आतल्या खोलीत बाबा खोकत होते. जिवंत माणसाची आठवण कशी नेतात, हे विचारायचं तोंडावर आलं होतं, पण गाडीची वेळ झाली होती आणि मी तुला दोरी शोधून दिली. गाठही मीच मारली. मग कुटुंबाच्या ग्रुपवर तुझ्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटाचा फोटो आला. आत मशीन, वर छोटा दिवा, खाली "वडिलांचा वारसा". त्याखाली नातेवाइकांचे केवढे तरी लाल बदाम. मीही एक टाकला. माझं लग्न मोडून मी घरी परत आले तेव्हा तू फोनवर म्हणाला होतास, "चला, बाबांना सोबत झाली." तेव्हाही मी हो म्हटलं होतं. मोडलेलं सगळं माझ्याकडेच येतं. त्यात मीही आलेच.

आता एक गोष्ट सांगते, जी मी कुणाला सांगितलेली नाही. नजर जायच्या आधी बाबांनी मला मशीन हातात दिलं. त्याआधी, सासरचे थोडे दिवस सोडले तर, वीस वर्षं मी फळीचं पलीकडचं टोक धरत होते. पहिले दोन महिने माझ्या फळीवर लाटा यायच्या. बाबा तळहात फिरवून सांगायचे, "इथे श्वास सोडलास. इथे घाबरलीस." हळूहळू हात बसला. मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीवालीचं नाव, मग वार, मग आई गेली आहे हे. आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी एक लांब फळी एका दमात काढली, मशीन थांबवलं, तर उंबऱ्यातून बाबा म्हणाले, "थोरल्याचा हात बसला बघ."

मी म्हटलं, बाबा, मी आहे. ते हसले, मी थट्टा करतेय असं समजून. म्हणाले, "वायसर, त्याला पाणी दे जा. घामेजला असेल."

मी आत गेले, तांब्याभर पाणी आणलं, पेल्यात ओतलं आणि बाबांना ऐकू जाईल असं घटाघटा प्यायले. तेव्हापासून रोज हेच चालू आहे. मशीन चालतं तोवर तू घरात असतोस. थांबलं की मी तुझ्यासाठी पाणी आणते आणि तुझ्या वाटचं पिते. गाठीच्या लाकडावर मी मशीन तिरकं धरते, ते ऐकून बाबा म्हणतात, "हे याला कुणी शिकवलं? मी तर नाही." एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या कामाला बरं म्हणावं म्हणून मी काय काय केलं, तुला ठाऊक नाही. आता ते रोज म्हणतात, अगदी तोंड भरून, आणि सगळं तुला जातं. तुला निदान कळावं म्हणून लिहिते. तू फार चांगला सुतार झाला आहेस.

गेल्या महिन्यात मशीन जळालं. आर्मेचर गेलं, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग. त्याची तार मी तीनदा भरून घेतली होती, पण कार्बन जिथे घासतात ते तांबंच झिजून संपलं. वाइंडिंगवाला भला माणूस आहे, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत बसला. म्हणाला, "तार मी शंभरदा भरीन ताई, पण तांबं कुठून उगवू?" मग त्यानेच दुसऱ्या कुठल्याशा मशीनचं आर्मेचर लेथवर घासून बसवून दिलं. मी घरी आणून लावलं. फळी काचेसारखी निघाली, कामात काही खोट नव्हती. फक्त आवाज बदलला होता. आपलं मशीन खालच्या स्वरात गुरगुरायचं. हे बारीक, नाकातल्या नाकात किंचाळत होतं. मला वाटलं, एवढंसं तर आहे.

बाबा खुर्चीतून उठले. भिंत चाचपत दुकानात आले, कधी नव्हे ते. "कोण शिरलंय इथे?" मी हात धरायला गेले तर झटकला. "हा थोरला नाही. थोरला कुठे गेला? माझ्या जागेवर कुणाला उभं केलंत?" त्यांचा आवाज एवढा चिरका मी कधी ऐकला नव्हता. त्यांना खुर्चीत बसवायला मला शेजारच्या शिंपीकाकांना बोलवावं लागलं. ते आर्मेचर मी त्याच दिवशी काढून टाकलं. आता फळ्या गल्लीच्या टोकाच्या लाकूडवाल्याकडून रंधून आणते. काम अडलेलं नाही, उगाच समजू नकोस. पण दुकान गप्प आहे. अकरा दिवस झाले. रोज दुपारी बाबा विचारतात, "गेला?" मी काहीतरी सांगते, माप घ्यायला गेलाय, लाकूड आणायला गेलाय. ते ऐकून घेतात, आणि मग तेच, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं, "सांगून गेला असता तर मी काय धरून ठेवणार होतो?" काल त्यांनी मला गादी उलटी करून बघायला लावली. मी केली. खाली काही नव्हतं, ते मी त्यांना सांगितलं.

तू ये असं मी लिहीत नाहीये. ते मी केव्हाच सोडलं. मागच्या वेळी तू समोर बसून बोलत होतास आणि बाबांनी तुला दाराचं माप विचारलं, आठवतं? गिऱ्हाईक समजले तुला. तू ते पाहुण्यांना गंमत म्हणून सांगितलंस. तुझा आवाज त्यांच्या ओळखीचा राहिलेला नाही, दादा. त्यांचा थोरला त्या मशीनच्या आवाजात राहतो, आणि तसा आवाज काढू शकणारं एकच आर्मेचर माझ्या माहितीत आहे. एकदाही न फिरलेलं. तुझ्या काचेमागे, दिव्याखाली. ते काढायला चार स्क्रू सोडवायचे आणि मागचं झाकण ओढायचं, एवढंच काम आहे. सोबत कागदावर चित्र काढून दिलंय. झाकण परत लावलंस की बाहेरून कुणाला काही कळणार नाही. ते आतून रिकामं आहे हे दिव्याच्या उजेडातही दिसणार नाही. तू नाही म्हणशील. "तेवढी एकच आठवण आहे माझ्याकडे," असं वहिनी मला फोनवर सांगेल, आणि मी बरं म्हणेन, जशी नेहमी म्हणते. तरी पत्र लिहिलं, कारण फोनवर मी बरं म्हणण्याआधी हे सगळं बोलू शकले नसते. तुझी एकही चालती वस्तू मी आजवर मागितली नाही. आताही मागत नाही. तुझाच कायदा आहे, तो पाळून मागते. एकदा, दादा, माझ्यासाठी ते मोड.

तुझीच,
वायसर